पट्ट्याची शिट्टी

मुबारक नाईकवडीची गाडी खडखडत आमच्या दारातल्या गॅरेजपुढं येऊन थांबली, तेव्हा मी भरलेली बॅग पुन्हा एकदा उपसून पलंगावर पसरली होती. मला कुणी जा म्हटलेलं नव्हतं, तरी काय न्यायचं आणि काय ठेवायचं हा उद्योग माझा आठवडाभर चालला होता. माझा नवरा रणजित चाकणला कारखान्यात लागला होता. लग्नानंतर तो महिन्यातून एकदा यायचा, मटण खाऊन झोपायचा आणि परत जायचा. आता त्याला तिथं खोली मिळाली होती. खोलीला स्वतंत्र नळ आहे, असं तो फोनवर इतक्या वेळा सांगायचा, की मला स्वप्नातसुद्धा तो नळच दिसायला लागला होता.

अडलं होतं सासऱ्यांपाशी. मामंजींना मी विचारलं होतं, नाही असं नाही. आमच्याकडं सुनेनं सासऱ्याशी बोलायची एक रीत होती. डोक्यावर पदर घ्यायचा, दाराच्या चौकटीआड उभं राहायचं, मान खाली घालायची आणि हळू आवाजात काय ते सांगायचं. मी अगदी तसंच सांगितलं. मामंजी पाठमोरे बसून कसलासा नट रॉकेलमध्ये धूत होते. हूं नाही की चूं नाही. पुढं कधीतरी धीर करून पुन्हा विचारलं, तर ते उठून सरळ परड्यात निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाठवायचं नसेल तर नाही म्हणावं माणसानं, भिंतीशी बोलल्यासारखं तरी वाटू देऊ नये. रणजितचं म्हणणं असं, की आबा पहिल्यापासून तसेच आहेत, आई आजऱ्याहून आली की तिच्याकरवी विषय काढू.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अक्काताई. मी त्यांना आत्ती म्हणायची. त्यांच्या भावाला आजऱ्यात अर्धांगाचा झटका आला होता, म्हणून त्या गेल्या होत्या, नाहीतर आत्ती कुठं जाणाऱ्यातल्या नव्हत्या. सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकून त्या संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या होत्या. अक्काताईचा जीव गॅरेजच्या ओट्यात अडकलाय, असं गल्लीतल्या बायका चेष्टेनं म्हणायच्या. निघतानाही मामंजींच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी मोठ्यानं बजावलं होतं, "इंजिनाचं काम आलं तर मी येईपातूर धरायचं न्हाई. ऐकलं का?" आत्ती नवऱ्याशी कायम अशाच समोर उभ्या राहून ओरडून बोलायच्या. मला आपलं वाटायचं, बाई तोंडाळ आहे.

तर मुबारक उतरला. तो आमच्या मलकापूरहून चार मास्तरांना रोज आंबा घाट उतरून साखरप्याच्या शाळेत सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. सकाळी मास्तरांना सोडून वर येताना गाडी खडखडायला लागली होती.

मामंजींनी बॉनेट उघडलं आणि हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. त्यांनी असे डोळे मिटले, की रस्त्यावरची माणसंसुद्धा बोलणं थांबवायची. आमचे मामंजी, हिंदूराव मिस्त्री, म्हणजे आमच्या भागातला कान होता. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की आधी ती आमच्या दारात आणून मिस्त्रींना ऐकवायची. ऐकवल्याशिवाय सौदा होत नसे. मिस्त्रींनी मान डोलवली की घेणारा आणि देणारा दोघंही गप्प. अख्खं घर त्या कानावर चाललं होतं आणि मामंजींच्या फेट्याचा ताठाही त्या कानावरच उभा होता.

"टेन्शनर गेला," मामंजी म्हणाले.

त्यांनी मुबारकला काय समजावलं ते मी आतून ऐकत होते. इंजिनाच्या एका अंगाला रबराचा दातेरी पट्टा असतो. खालचा दट्ट्या आणि वरच्या झडपा यांचं पाऊल तो जुळवून ठेवतो. त्या पट्ट्याला एक चाक बाजूनं दाबून धरतं. तो टेन्शनर. मुबारकच्या गाडीतला आपोआप ताण धरणारा होता. आत स्प्रिंग आणि तेल, पट्टा सैल पडला की आपणच पुढं सरकणार. पण घाटातल्या चढउतारानं त्यातली स्प्रिंग सारखी दमायची आणि कंपनीचा नवा मिळायला महिना लागायचा. म्हणून मामंजींच्याच सांगण्यावरून मुबारकनं कोल्हापुरातून साधा, हातानं लावायचा टेन्शनर आणि नवा पट्टा आणून डिकीत ठेवला होता. त्यात स्प्रिंग नाही, तेल नाही. मिस्त्री जेवढा ताण देईल आणि बोल्ट आवळेल, तेवढाच राहणार.

"आता बसवून टाका," मुबारक म्हणाला.

मामंजींनी ओट्याकडं पाहिलं. ओट्यावर काही नव्हतं, आत्तींचं सूप भिंतीला टेकवलेलं होतं तेवढंच. मग ते म्हणाले, की बुधवारी कर, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. मुबारक चक्रावला. मास्तर खाली साखरप्यात बसलेत, संध्याकाळी आणायचे कसे? मामंजी म्हणाले, दुसरी गाडी बघ. मुबारक म्हणाला, दुसरी गाडी बघण्यापेक्षा दुसरा मिस्त्री बघतो, स्टँडमागं नवीन गॅरेज झालंय, मशीन लावून तपासतात म्हणे. तो काही टोमणा मारायला बोलला नव्हता, अडचणीतला माणूस बोलतो तसं बोलला. पण मामंजींच्या वर्मी बसलं. त्यांनी फेटा काढून खुंटीला लावला आणि पाने मांडले.

इंजिन गार होईपर्यंत हात लावता येत नव्हता. मुबारक गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता, मी घरात घालत होते. बॅग भरली, परत उपसली. चहा केला, तो मामंजींनी पाठ फिरवून प्यायला आणि कप ओट्यावर ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही. ही सून चाकणला गेली तरी यांना फरक पडणार नाही आणि न गेली तरी पडणार नाही, असं माझ्या मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं.

दुपार कलता कलता जुना टेन्शनर बाहेर आला. नवं चाक बसलं, नवा पट्टा चढला. मामंजींनी पान्यानं इंजिन हातानंच फिरवलं, खुणा जुळतात का बघितल्या. पट्ट्याचा लांब भाग अंगठ्यात आणि बोटात धरून पिळून पाहिला. ते काम त्यांचं बघण्यासारखं असायचं, हे माझ्यासारख्या रुसलेल्या सुनेनंही कबूल करायला हवं. पण खरी मेख पुढं असते. गार इंजिनावर बोटाला बरोबर लागलेला पट्टा इंजिन तापलं की आणखी ताणतो, कारण धातू फुगतो. तो किती ताणलाय हे बोट सांगत नाही. ते कानानंच ठरवायचं. सैल असला तर थपथप वाजतो आणि जास्त घट्ट झाला तर बारीक शिट्टी घालतो. शिट्टी घालणारा पट्टा आज चालतो, उद्या चालतो आणि मग एखाद्या दिवशी चाकाचं बेअरिंग जाळून तुटतो. घाट उतरताना तुटला तर इंजिन जागीच बंद, ब्रेक दगडासारखा कडक आणि एका बाजूला दरी.

मुबारकनं चावी फिरवली. थपथप आली. मामंजींनी ती लगेच ओळखली, बंद करायला लावलं, ताण वाढवला, बोल्ट आवळला. परत चालू. थपथप गेली. इंजिन तापू लागलं, आणि थोड्या वेळानं शिट्टी सुरू झाली.

आधी मला वाटलं शेजारच्या घरी कुकर आहे. पण ती थांबेना. बारीक, दातातून निघाल्यासारखी, इंजिनाचा वेग वाढवला की वर चढणारी. समोरच्या सलूनमधला तानाजी वस्तरा हातात घेऊन दारात आला, ऐकलं, मामंजींकडं बघितलं आणि परत आत गेला. सायकलवरून जाणारा एक जण मान वळवून बघत गेला. आणि मामंजी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून, समाधानानं उभे होते.

मी पाणी द्यायच्या निमित्तानं पायरीवर आले. मुबारक हळूच मला म्हणाला, "वैनी, नव्या चाकाचा आवाज असाच असतोय व्हय?"

मला काय ठाऊक, मी म्हणाले, मामंजींना विचारा.

"त्येंनी ऐकलंय की," मुबारक म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं. "मिस्त्रीनं ऐकलंय म्हंजे बराबर असंल."

म्हणजे रस्त्यावरच्या एकूण एक माणसाला शिट्टी ऐकू येत होती आणि प्रत्येकानं आपलाच कान खोटा ठरवला होता. मीसुद्धा. घरात जायला वळलेसुद्धा होते. तेवढ्यात मामंजींनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा कुठं बघितलं, तर रिकाम्या ओट्याकडं. मग मुबारककडं. मग परत ओट्याकडं. इंजिन चालूच होतं. त्यांनी फडक्यानं हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. एवढा अनुभवी माणूस, पण वाट चुकलेल्या माणसासारखे ते इकडं तिकडं बघत होते.

आणि मला आत्ती दिसल्या. म्हणजे तिथं नव्हत्याच, पण रोज दिसायच्या तशा. गाडी चालू करायची वेळ आली, की हातातलं काम टाकून त्या सूप घेऊन ओट्यावर बसायच्या आणि जोंधळे निवडायच्या. निवडलेलेच निवडायच्या. मी एकदा म्हटलंही होतं, आत्ती, यात खडा शिल्लक नाही. त्या नुसत्या हसल्या होत्या. निवडता निवडता मधेच त्यांचा हात थांबायचा, आणि तो थांबला की मामंजी पाना उचलायचे. परत हात चालू झाला की पाना खाली. मी वर्षभर हे रोज बघत होते, आणि मला त्यात सूप आणि जोंधळ्यांशिवाय काही दिसलं नव्हतं.

मामंजींना शिट्टी ऐकू येत नव्हती. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. खडखड यायची, थपथप यायची, मुबारकचा भसाडा आवाज यायचा. शिट्टी यायची नाही. आणि चौकटीआडून, मान खाली घालून, पदरात तोंड धरून बोलणारी सूनही यायची नाही.

दोनदा विचारलेलं चाकण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मला हसू यावं की रडू, कळेना. पण पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली. सूप तिथंच होतं. मी गुपचूप जाऊन ओट्यावर बसले असते, हात थांबवला असता, तर मामंजींना लगेच कळलं असतं. पट्टा सैल झाला असता, मुबारक वेळेवर गेला असता, कानाचं नाव राहिलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं. आणि मग पुढची गाडी आली असती. आत्ती त्या ओट्यावर एकदा बसल्या त्या सख्ख्या भावाच्या आजारपणापर्यंत उठल्या नव्हत्या. आता त्यांच्या जागी मी बसले असते, तर चाकणच्या त्या नळाचं पाणी माझ्या नशिबात कधीच आलं नसतं.

मामंजींनी बॉनेट पाडलं. मुबारक गाडीत बसला.

मी पायऱ्या उतरले. चप्पल घालायचंही सुचलं नाही. गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले, आणि मग मामंजींच्या समोर, त्यांच्या तोंडाकडं बघत. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो मी सावरला नाही.

"मामंजी, पट्टा शिट्टी घालतोय," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की तानाजी परत दारात आला.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"तापल्यापासनं. सगळ्यांना ऐकू येतोय."

मामंजी मुबारककडं वळले. तो खाली उतरून उभा होता.

"तुला येत हुता?"

"येत हुता की."

"मग बोलला का न्हाईस?"

मुबारकनं मान खाजवली. "तुमी ऐकत हुता न्हवं, मिस्त्री."

इंजिन शिट्टी घालत उभं होतं. मला वाटलं, मामंजी आता चिडतील, सुनेनं रस्त्यावर अब्रू घेतली म्हणतील. नाहीतर काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. मुबारक भोळा माणूस, त्यानं मानलंही असतं. मामंजींनी हात लांब करून चावी बंद केली. मग गाडीच्या बॉनेटवर टेकले. उभं राहून थकल्यासारखे.

"मला न्हाई ऐकू येत, मुबारक," ते म्हणाले. "बारीक आवाज येतच न्हाई. लई वरसं झाली. रणजितची आई ऐकती. मी तिच्या हाताकडं बघतो."

मुबारकचं तोंड उघडं राहिलं. तानाजीचा वस्तरा हातातच. मामंजींनी दोघांकडंही पाहिलं आणि आणखी मोठ्यानं म्हणाले, "सांगायचं तर सांगा कुणाला. लपवून ठेवायचं काय न्हाई त्यात."

मग बोल्ट ढिला करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "आनि काय काय बोललीस मला, मला न कळता?"

इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते. "चाकणचं," मी म्हणाले. "खोली मिळालीया. जाऊ का म्हणून विचारलं हुतं. दोनदा."

"दोनदा," ते म्हणाले. आणि पाना हातात घेऊन खाली वाकले. फडकं डोळ्यांपाशी गेलं, पण घाम असेल, मी खोलात गेले नाही.

बाकीचं काम तिघांनी केलं. मामंजी चाकावरचा ताण केसभर कमी करायचे, मुबारक गाडी चालू करायचा, मी कान देऊन उभी. इंजिन तापेपर्यंत थांबायचं, ऐकायचं, मान हलवायची. इंजिन थोडं निवू द्यायचं आणि परत पहिल्यापासून. तानाजीही गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून आला आणि आपलं मत देऊ लागला. उन्हं उतरायला लागली तेव्हा शिट्टी बारीक होत होत गेली आणि परत आली नाही. थपथपही नव्हती. मुबारकनं स्टँडपर्यंत चक्कर मारून आणली, मला पुढच्या सीटवर बसवून. मी खिडकीतून कान बाहेर काढून बसले होते. आल्यावर म्हणाले, नाही, काही आवाज नाही. मुबारक मास्तरांना आणायला घाटाकडं गेला. जाताना त्यानं मामंजींना वाकून नमस्कार केला, तसा तो एरवी करत नसे.

मामंजींनी हात धुतले, फेटा बांधला आणि घरात येऊन फोनपाशी बसले. आजऱ्याचा नंबर मला लावायला सांगितला. पलीकडून आत्तींचा आवाज आला तसा मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तोंड त्यात घालून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं:

"मी बोलतोय. तुझं मला ऐकू येणार न्हाई, तू नुस्तं ऐक. पट्टा बसवला मुबारकचा. मुबारकला सांगून टाकलंय मी. तानाजीला बी. माणिकला रणजितकडं चाकणला धाडतोय. तू भावाजवळ ऱ्हा, मन भरंस्तवर ऱ्हा. ओटा काय पळून जात न्हाई." मग फोन माझ्याकडं दिला. "काय म्हणती बघ."

मी फोन कानाला लावला. आत्ती, आत्ती, म्हणून मी हाका मारल्या. मग त्यांचा आवाज आला, आणि कधी नव्हे तो हळू.

"तानाजीला सांगितलं म्हणाले का गं?"

हो, मी म्हणाले.

"मग उद्या शाहूवाडीला बी कळलं," असं म्हणून आत्ती हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं. मी त्यांना असं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. मागून कुणीतरी, बहुधा त्यांची भावजय, काय झालं म्हणून विचारत होती, आणि आत्ती नुसत्या हसत होत्या. शेवटी नाक ओढून म्हणाल्या, "त्यांस्नी म्हणावं, मी दसरा करूनच येतो. आमच्या दादाला भरवायला माणूस न्हाई."

"काय म्हणती?" मामंजींनी विचारलं.

मी त्यांच्या समोर उभी राहून सांगितलं. त्यांनी मान डोलवली. जुन्या गाडीच्या सौद्याला डोलवायचे तशीच, सावकाश.

"माणिक," त्यांनी मला नावानं हाक मारली. "चाकणची गाडी कोल्लापुरातनं किती वाजता सुटती?"

मी मोठ्यानं सांगितलं.